मोबाईल वापरा, पण घरातली जुनी कामं हातातून जाऊ देऊ नका: कोकणातल्या घरांसाठी सविस्तर पद्धत

हल्ली आपल्याकडे बहुतेक घरात कोणी ना कोणी आजीचा व्हिडिओ काढून ठेवलेला असतो, सोलां म्हणजे कोकमं करताना नाहीतर माडाच्या झावळांचे झाप विणताना, आणि घरच्यांना वाटतं की चला, हे जपून झालं. माझं म्हणणं असं की ते अजून जपून झालेलं नाही. व्हिडिओ मोबाईलमध्ये आहे, काम आजीच्याच हातात आहे. घरातल्या आणखी एका माणसाच्या हाताला ते काम आलं, त्याने ते एकट्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं, तरच ते राहिलं असं म्हणायचं. मोबाईल टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः दिवसभर वापरते आणि खाली बरीच ॲपं वापरायलाच सांगणार आहे, फक्त कुठलं यंत्र कशासाठी घ्यायचं आणि कुठलं काम आपल्या हातात ठेवायचं हे ठरवून करायचं, आपोआप होऊ द्यायचं नाही.

ही हौस म्हणून करायची गोष्ट नाही हे आपल्याला 3 जून 2020 ला कळलंय. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत गावच्या गावं कितीतरी दिवस विजेशिवाय होती, टॉवर बंद, पंप बंद. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं ते आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून गेलं. ज्यांच्या विहिरीवर रहाट शाबूत होता त्यांना पाणी मिळालं, बाकीचे शेजारी कळशा घेऊन त्यांच्याकडे. तेव्हा मनापासून सांगते, हे काम लांबणीवर टाकू नका.

सुरुवात एकाच कामापासून

सगळं एकदम जपायला गेलात तर काहीच होत नाही. एक वर्ष, एक काम. निवडताना बघा की वाडीत ते किती जणांना येतं. उकडीचे मोदक अर्ध्या वाडीला येत असतील तर ते थांबू शकतात, पण भाताचं बियाणं ठेवायची मुडी बांधणारा एकच म्हातारा माणूस उरला असेल तर आधी त्याच्याकडे जा. मग हंगाम बघा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये, झाप पावसाच्या तोंडावर, तरवा म्हणजे भाताची रोपं आणि लावणी जून-जुलैत, गणपतीच्या वर बांधायची माटवी भाद्रपदात, सुकी मासळी पावसाच्या आधी. हंगाम चुकला की वर्ष गेलं, म्हणून कॅलेंडरमध्ये एक महिना आधीचा रिमाइंडर लावून ठेवा, मोबाईलचा हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात कामाचा उपयोग आहे. मुंबईला असाल तर त्याच हिशोबाने कोकण रेल्वेचं तिकीट आधी काढावं लागेल, मे महिन्यात आयत्या वेळी मिळत नाही हे सांगायला नको.

पहिल्यांदा मोबाईल बाजूला ठेवून बसायचं

हे फार महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. पहिल्या वेळी काहीही शूट करायचं नाही. मोबाईल सायलेंटवर टाकून कोनाड्यात नाहीतर फळीवर ठेवायचा आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला, त्याच उंचीवर, खाली बसायचं आणि हात घालायचा. स्क्रीनकडे बघत असलं की फक्त डोळे शिकतात, बोटं नाही, आणि ह्या कामांमधलं निम्मं ज्ञान बोटांनाच कळणारं असतं. माझ्या सासूबाईंना मी विचारलं होतं की रातांब्याची साल पुरेशी वाळली हे कसं ओळखायचं, तर त्या म्हणाल्या, "गो, हाताक कळता ता तोंडान कसा सांगू? धरून बघ." आणि खरंच धरून बघितल्याशिवाय कळत नाही, अर्धवट वाळलेली साल दाबली की ओलसर लागते आणि बोटाला रस येतो, बरोबर वाळलेली चामड्यासारखी वाकते पण तुटत नाही, जास्त झाली तर कडक होऊन मोडते.

विचारायचं असेल तेही काम चालू असतानाच विचारा. खुर्चीवर बसवून मुलाखत घेतली की मोठी माणसं थोडक्यात सांगून मोकळी होतात, "त्यात काय, वाळवायचं नि भरायचं". हात चालू असताना त्यांना आपोआप आठवत जातं, कुठल्या वर्षी बुरशी आली आणि का आली, कोणाचं आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, टिकायचं वगैरे.

सोलांचं उदाहरण घेऊन पूर्ण काम सांगते

झाडाखाली पडलेले आणि पूर्ण लाल-काळपट झालेले रातांबे घ्यायचे, कच्चे मिसळले की रंग येत नाही. धुवून, पुसून, पाणी पूर्ण सुकू द्यायचं. मग फोडून साल वेगळी आणि आतला गर बियांसकट वेगळा. गरात मीठ घालून तो स्टीलच्या, काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात ठेवायचा, ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या भांड्यात अजिबात नको कारण रस फार आंबट असतो, भांडं खातो. मिठाने रस सुटतो, तो गाळला की आगळ. सालं उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, मग आगळात बुडवून नीट चोळून पुन्हा उन्हात. हेच पुट. कोणी चार पुटं देतं कोणी सात, प्रत्येक पुटाला साल काळी आणि जाड होत जाते. बिया फेकायच्या नाहीत, त्या वाळवून फोडून कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या, वर तरंगतं ते तेल काढून थंड झालं की मुठीने गोळे वळायचे, ते मुठेल, थंडीत पाय फुटले की ह्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता ह्यात मोबाईल कुठे येतो बघा. मे महिन्यात मधेच वळीव येतो आणि अंगणात पसरलेला सगळा माल भिजतो. त्यासाठी सकाळी हवामान खात्याचं मौसम ॲप बघा, आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी ॲप आहे ते ठेवा, आजूबाजूला वीज पडतेय का ते कळतं, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, किंवा माळावर काम करणाऱ्याने तर ते ठेवायलाच हवं. पण ॲपने पाऊस नाही म्हटलं आणि सासूबाई म्हणाल्या "डोंगराकडसून काळोख येता" तर सालं आत घ्या, ॲप मोठ्या भागाचा अंदाज देतं, तुमच्या खळ्याचा नाही. पुट कधी द्यायचं ह्याला मात्र मोबाईलचा काही उपयोग नाही, टायमर लावून ते होत नाही, ऊन रोज वेगळं असतं.

दुसरी मदत वजनकाट्याची. "मूठभर मीठ" म्हणजे कोणाची मूठ? स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, आजीला तिच्या हाताने मीठ घेऊ द्या, भांड्यात टाकायच्या आधी ते काट्यावर ठेवायला सांगा, आकडा लिहा, गराचंही वजन लिहा. तीन-चार वेळा केलं की प्रमाण कळतं. पायली-शेराचंही तसंच. एका पायलीचे 4 शेर हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो, पण घरातलं माप शेजारच्या गावच्या मापाशी जुळेल असं नाही, आणि शेर हे आपलं भरायचं माप आहे, भात भरला तर वेगळं वजन आणि कुळीथ भरले तर वेगळं. म्हणून घरात जे माप आहे त्याच्यात प्रत्येक धान्य एकदा भरून वजन करा आणि तो आकडा कागदावर लिहून मापाच्या डब्यातच ठेवा.

दुसऱ्या वेळी शूटिंग

काम एकदा हाताखालून गेलं की काय शूट करायचं ते आपोआप कळतं. चेहरा एकदाच घ्या, बाकी सगळं हातांचं घ्या. आणि समोरून घेऊ नका. करणाऱ्याच्या उजव्या खांद्याच्या मागून, वरून खाली असा मोबाईल धरा, म्हणजे बघणाऱ्याला उजवा-डावा तसाच दिसतो जसा त्याला स्वतःचा हात दिसेल. झाप विणताना, जाळं सांधताना, मुडी वळताना समोरून घेतलेला व्हिडिओ बघून शिकायला बसलं की गाठ उलटी पडते. माणूस डावखुरा असेल तर तेही बोलून ठेवा. सेल्फी कॅमेरा वापरायचा नाही, त्यात काही फोनमध्ये चित्र उलटं होतं.

मोबाईल आडवा धरा, छोटा स्टँड असेल तर उत्तम. आपल्याकडे खरा त्रास वाऱ्याचा, किनाऱ्यावरच्या घरात खळ्यात शूट केलं की आवाजात नुसता घोंघाट येतो, तर पडवीत आडोशाला बसा, पंखा बंद करा, जमलं तर कॉलरला लावायचा माइक त्याच्या स्पंजच्या टोपीसकट घ्या. एकच मोठा तासभराचा व्हिडिओ काढू नका, कोणी बघत नाही. एका पायरीचा एक तुकडा, दोन-तीन मिनिटांचा, आणि तुकड्याच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि काय चाललंय ते तोंडाने बोला. फाईलचं नाव लगेच बदला, "2025-05 सोलां दुसरं पुट" असं, नाहीतर आकड्यांच्या नावाच्या शेकडो फाईल्समध्ये ते परत सापडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बोटांचं बारीक काम दिसेनासं होतं.

आणि परवानगी घ्या, तोंडी का होईना. घरच्यांपुरतं आहे की सगळ्यांना दाखवणार ते स्पष्ट सांगा. झाडपाल्याच्या औषधाचा व्हिडिओ तर मी म्हणेन नेटवर टाकूच नका, अर्धवट बघून कोणी तरी प्रयोग करतं.

भरती-ओहोटी: जुना हिशोब आणि ॲप दोन्ही एकत्र

किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाला हा हिशोब यायला हवा असं मला फार वाटतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पुनवेला आणि अवसेला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतंही, ते उधाण, अष्टमीच्या आसपास फारसं चढत-उतरत नाही तो भांग. काल्वां फोडायला, तिसऱ्या काढायला (दोन्ही शिंपल्यातली मासळी) जाणाऱ्या बायका उधाणाच्या दिवसातली ओहोटी धरतात त्याचं कारण हेच, पाणी लांब जातं. हे सगळं कॅलेंडरवरची तिथी बघून मनात होतं, रेंज लागत नाही, बॅटरी लागत नाही.

पण हा अंदाजाचा हिशोब आहे. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते आणि ह्या हिशोबात तिथीला 45 मिनिटंच धरलेली आहेत, त्यामुळे फरक पडतो. ॲपमध्ये मिनिटापर्यंतची वेळ दिसते, पण ती जवळच्या बंदराची असते, खाडीत आत आत जाल तसं पाणी उशिरा पोचतं. तर करायचं काय, एक पंधरवडा घ्या आणि घराजवळच्या जेटीच्या पायरीवर किंवा खडकावर खूण ठरवा. वहीत तीन रकाने पाडा, तिथीचा हिशोब, ॲपची वेळ, आणि प्रत्यक्षात पाणी कधी थांबलं ती वेळ. पंधरवडा संपता संपता तुमच्या खाडीचा फरक तुम्हाला कळलेला असेल, आणि तो ना ॲपमध्ये आहे ना पंचांगात. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणाऱ्या जुन्या माणसाला हा फरक विचारून बघा, तो लगेच सांगेल, मग वहीशी ताडा, मुलांना तर ह्यात भारी मजा येते.

लाटांच्या बाबतीत मात्र जुन्या हिशोबावर विसंबू नका. लांबच्या समुद्रात वादळ असलं की इथे आभाळ स्वच्छ असताना मोठ्या लाटा येतात आणि तिथीवरून ते कळायचं काही साधन नाही. हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून लाटांचे इशारे येतात, मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचेही अंदाज येतात, होडीवाल्यांनी ते बघितल्याशिवाय जाऊ नये. इथे नवीन साधन जुन्यापेक्षा सरळसरळ चांगलं आहे आणि तसं मान्य करायला काही हरकत नाही.

कुठलं यंत्र घ्यायचं, कुठलं काम ठेवायचं

प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारा: हे आल्यावर घरातलं कोणतं ज्ञान जाणार आहे? पॉवर टिलरने नांगरणीचे कष्ट गेले, आनंदाने घ्या, पण वाफ्यात पाणी किती राखायचं आणि तरवा किती मोठा झाला की काढायचा हे टिलरला कळत नाही, ते बघायला मुलांना बांधावर न्या. माडावर चढायचं यंत्र तर अवश्य घ्या. माडकरी मिळत नाहीत म्हणून नारळ विकास बोर्डाने 2011 पासून ते शिकवायला सुरुवात केली, आता बायकाही यंत्राने चढतात. यंत्र वर नेतं, पण वर गेल्यावर कुठला नारळ तयार आहे, शेंड्यात गेंड्या भुंग्याने भोक पाडलंय का, सुकलेली झावळ कुठून तोडायची हे जुन्या माडकऱ्याकडूनच शिकावं लागतं, तेव्हा पहिले काही वेळा तो खाली उभा राहून सांगेल असं बघा आणि त्याला त्याचे पैसे द्या.

मिक्सर रोज वापरा, पण पाटा-वरवंटा विकू नका, आठवड्यातून एकदा माशाच्या आमटीचं वाटप त्याच्यावर काढा. ताडपत्रीने पडवी झाकणं सोपं आहे हे खरं, पण एका बाजूला तरी झाप लावा, पडलेल्या झावळांचेच होतात, पैसे लागत नाहीत, आणि दरवर्षी एक बाजू विणली तरी हात विसरत नाही. झावळ मधून चिरून पाण्यात भिजत घातली की पाती मऊ पडतात आणि विणताना तुटत नाहीत.

घरात लाईट असताना ह्यातलं काय काय येतं ते कळत नाही, म्हणून महिन्यातून एक दिवस मेन स्विच बंद करून बघा, फ्रीजमधलं आधी संपवून. रहाटाचा दोर कुजलाय का, कंदिलात तेल आहे का, सुक्या मासळीवर आणि कुळथाच्या पिठीवर दोन वेळचं जेवण होतं का, सगळं एका दिवसात समजतं. आजारी माणूस, ऑक्सिजन किंवा इन्सुलिन असलेल्या घरात हे करू नका. आगोटची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाची, यादी ह्या दिवसानंतर लिहायला घ्या, ती यादी खरी होते.

जपून ठेवायचं तर आपली हवा लक्षात घेऊन

कोकणात पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते, तिथे हार्डडिस्कचं काय. तीन प्रती करा, एक मोबाईलमध्ये किंवा क्लाउडवर, एक पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्कवर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि एक मुंबई-पुण्याच्या नातेवाईकाकडे. एक वही पण हवीच, बॉलपेनने किंवा पेन्सिलने लिहा, शाईच्या पेनाचं अक्षर दमट हवेत फुटतं. दर गणपतीत फाईल्स उघडतात का ते बघा. सोलां, आगळ असं खायचं काही विकायचं असेल तर त्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची सरकारी, नोंदणी लागते, तेवढं आधी करून घ्या, बाकी व्हॉट्सॲप आणि यूपीआयवर काम होतं.

मुलं आणि चाकरमानी

गणपतीत सगळे घरी असतात, मोठी माणसंही आणि शहरातली मुलंही, वर्षात दुसरी अशी वेळ नाही. माटवीचं सामान बाजारातून आणायचं नाही असं एकदा ठरवा. कवंडळ, कांगण्या, आंबाडे, तेरडा, हरणाची फुलं, हे शोधायला आजोबांबरोबर मुलांना रानात पाठवा, मुलांनी फोटो काढायचा, आजोबांनी गावचं नाव सांगायचं, जागा लिहायची. दोन-तीन वर्षांत तुमच्या वाडीची स्वतःची झाडांची वही तयार होते आणि कुठलं झाड दिसेनासं झालं तेही कळतं.

फोटोवरून झाड ओळखणारी ॲपं नाव शोधायला चांगली आहेत, खाण्यासाठी मात्र त्यांच्यावर कधीही विश्वास ठेवू नका. रानभाजीत तर बिलकुल नाही, कुठली भाजी कशात शिजवली की खाजत नाही हे ॲपला कुठून माहीत असणार, शेवळं काकडांशिवाय (ही आंबट रानफळं) शिजवली तर घसा धरतो. आणि पावसातली रानअळंबी आणायची तर ती ओळखणारा माणूस सोबतच हवा. तसा माणूस वाडीत उरला नसेल तर अळंबीच्या वाटेला जाऊ नका, मुलांना आधी टाकळा दाखवा, पहिल्या पावसानंतर सगळीकडे उगवतो, कोवळा असताना खुडायचा, आणि तो एकदा आजीच्या हातून खुडून बघितला की ओळखायला चुकत नाही.